वेल भाषेचा दुभाषी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल आणि पुढेही मी तुम्हाला दिसणार नाही. मला हात नाहीत, चाके नाहीत, अंगाला रंग नाही. मी एक जुना कंपायलर आहे. माणूस संगणकासाठी जे लिहितो, ते संगणकाला जसेच्या तसे उमगत नाही. त्या बिचाऱ्याला फक्त शून्य आणि एक कळतात. मधे बसून माणसाचे म्हणणे यंत्राला समजावून सांगणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. मी ज्या भाषेचा दुभाषी आहे, तिचे नाव 'वेल'.

माझा जन्म राजोडीजवळच्या एका वाडीत झाला. निकोलस तुस्कानो सर वसईतल्या एका महाविद्यालयात गणित शिकवत. संध्याकाळी घरी आले की ते विहिरीपाशी, पानवेलीच्या मांडवाखाली खुर्ची टाकत आणि मला लिहीत बसत. भाषेचे नाव त्या पानवेलीवरूनच पडले. एलिसाबाई चहा आणून देताना म्हणत, की एवढ्या वेळात केळीची लागवड केली असती तर निदान घड तरी लागले असते. सर हसून कप हातात घेत आणि पुन्हा लिहायला लागत.

वेल ही फंक्शनल भाषा आहे. म्हणजे तिचा स्वभाव गणितासारखा आहे. एखाद्या फंक्शनला, म्हणजे हिशेबाच्या सूत्राला, आज जे दिले आणि जे उत्तर आले, तेच उद्या दिले तर तेच उत्तर यायला हवे. मधल्या मधे कोणी गुपचूप काही बदलायचे नाही. सरांनी मला आधी दुसऱ्या एका भाषेत घडवले. मग हळूहळू माझा सगळा मजकूर त्यांनी वेलमध्येच नव्याने लिहिला आणि एके दिवशी माझ्या स्वतःच्या मजकुराचा अनुवाद मलाच करायला लावला. त्यातून जो बाहेर पडला, तोही मीच होतो. आपणच आपल्याला घडवणारे या जगात फार थोडे असतात, मित्रांनो. मला त्याचा अभिमान आहे.

पण माझा खरा मान निराळा आहे. सरांची मुलगी क्लारा मिशनच्या एका रुग्णालयात नर्स आहे. नुकत्याच जन्मलेल्या, वेळेआधी आलेल्या बाळांच्या वॉर्डात ती काम करते. तिथली काही बाळे ओंजळीत मावतील एवढी असतात. त्यांना औषध किती, सलाइन किती वेगाने, हे सारे वजनावरून ठरते. तिने एकदा वडिलांना सांगितले, की डॉक्टर लिहितात ते बरोबर असते, आमचे हिशेबही बरोबर असतात, पण वॉर्ड भरलेला असला की मिलिग्रॅम कुठले आणि मायक्रोग्रॅम कुठले याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. तिथे घोटाळा झाला, तर औषध हजारपट जाईल.

सरांनी तिच्यासाठी वेलमध्ये हिशेबाचा प्रोग्राम लिहिला आणि मला मापे शिकवली. तेव्हापासून माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक आकड्याला मी आधी विचारतो, तू ग्रॅम की मिलिलिटर, तास की मिनिट. मिलिग्रॅममध्ये कोणी मायक्रोग्रॅम तसेच मिळवू पाहिले, तर मी अनुवादच करत नाही. तिथेच थांबतो आणि स्वच्छ मराठीत सांगतो, 'इथे मिलिग्रॅम हवे होते, मायक्रोग्रॅम आले आहे.' वॉर्डात नवे औषध आले, की त्याचा नियम क्लारा स्वतः लिहायची. मी तिला दोनदा असे अडवले आहे. दुसऱ्या वेळी ती बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने चूक दुरुस्त केली आणि उठून बाळांपाशी गेली.

हळूहळू माझे नाव झाले. बाहेरगावच्या शिक्षकांनी मला वर्गात नेले. अनोळखी माणसे माझ्यातल्या उणिवा कळवू लागली, दुरुस्त्या पाठवू लागली. या साऱ्या कामात सरांच्या हाताखाली तयार झाली ती त्यांची विद्यार्थिनी ज्ञानदा. ज्ञानदाचे घर विरारला आणि नोकरी मुंबईतल्या एका कंपनीत. माझ्या कामाचे तिला कोणी काही देत नव्हते. शनिवार-रविवारी ती माझ्यापाशी बसे. कुठे माझी गती वाढव, कुठे माझा अडखळणारा निरोप सोपा कर, कुठे कोणाच्या तक्रारीला उत्तर दे, असे ते न संपणारे काम. घर बांधताना सगळे बघायला येतात. कौले शाकारताना कोणी येत नाही. ज्ञानदा माझी कौले शाकारत होती.

मग सरांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि शब्द गेले. समोरचे सगळे त्यांना कळे, मात्र बोलायला गेले की ओठांवर काहीच येत नसे. पुढे घरच्या बोलीतले एकेक शब्द परतले, मग थोडे पुस्तकी मराठी. पूर्ण वाक्य काही येईना. ज्ञानदाचेही मन माझ्यावरून उडाले. तक्रारी साचत गेल्या. कोणीतरी लिहिले, की वेल आता मेली, नवी काही शिका. मी तसाच पडून होतो. दुभाष्याला कोणी बोलावलेच नाही, तर त्याने काय करावे?

एका पावसाळ्यानंतर क्लारा ज्ञानदाच्या घरी आली. रुग्णालयातले जुने संगणक एकेक करून बंद पडत होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या यंत्रांची घडणच निराळी होती. जुना अनुवाद त्यांच्यावर चालत नव्हता आणि नव्या यंत्राची बोली मला येत नव्हती.

"आम्ही हाताने करू गं, आधीही करत होतो," क्लारा म्हणाली. "पण वेल होती तेव्हा मी घरी जाऊन झोपू शकायचे."

ज्ञानदाने त्याच आठवड्यात मला पुन्हा उघडले. तिने नालासोपाऱ्याच्या सुमेधला सोबत घेतले. सुमेध तिच्या कंपनीतला सहकारी, हुशार आणि कामाला झपाझप. त्याने आधी विचारले, की तोच हिशेब एखाद्या नावाजलेल्या भाषेत का लिहू नये. ज्ञानदाने त्याला मापांची तपासणी दाखवली. तिने मुद्दाम एक चूक लिहिली आणि मी तिला अडवले. सुमेधने मान डोलावली आणि कामाला लागला.

दोघांनी मला नव्या यंत्राची बोली शिकवली. शिकवताना जुन्या मजकुराची साफसफाईही केली. मापांच्या तपासणीचा भाग सरांनी एकट्याने लिहिलेला होता. त्यात एके ठिकाणी ते आकड्याचे अंश आणि छेद वेगवेगळे ठेवून लांबून वळसा घेत होते. ज्ञानदाला तो वळसा उगाचच वाटला. तिने तिथल्या तिथे भागाकार करून टाकला. चार ओळींचे काम एका ओळीत झाले आणि माझी गतीही वाढली.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रासाठी माझा अनुवाद झाला, आणि त्या अनुवादाने नव्या यंत्रावर बसून माझाच पुन्हा अनुवाद केला. दोन्ही प्रती अक्षर न अक्षर सारख्या यायला हव्यात. तेच दिले की तेच यावे, हीच तर माझी जात. त्या सारख्या आल्या नाहीत.

फरक अगदी थोडा होता. काही आकड्यांच्या दशांशात, दूर टोकाला, शेवटचा एक अंक वेगळा होता. सुमेध म्हणाला, की एवढ्या फरकाने कुठल्याही बाळाच्या औषधात थेंबाचाही फरक पडणार नाही. रुग्णालय वाट बघते आहे, देऊन टाकू. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

"आज हा फरक चालतो म्हटलं, तर उद्या मोठा फरक त्याच्याच आड लपेल," ज्ञानदा म्हणाली. "दोन प्रती जुळल्या नाहीत, तर वेलवर विसंबायचं कशाच्या जोरावर? मी नाही देणार."

तिने क्लाराला फोन करून तसे सांगितले. क्लारा म्हणाली, की रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर घरी ये, पप्पांना दाखव.

रविवारी ज्ञानदा राजोडीला गेली. खूप दिवस ती त्या घरी आली नव्हती. सरांना तशा अवस्थेत पाहणे तिला सोसवत नव्हते म्हणून टाळत होती. एलिसाबाईंनी त्याबद्दल शब्दही काढला नाही. बशीत उन्हात वाळवलेली सुकेळी आणून ठेवली आणि सरांची खुर्ची तिच्याजवळ सरकवली. बोलण्याच्या सरावासाठी सरांपाशी एक पाटी असे, ती क्लाराने त्यांच्या मांडीवर ठेवली.

ज्ञानदाने सगळे सांगितले. तिने संगणकावर ती नवी एक ओळ दाखवताच सरांनी डावी तर्जनी तिच्यावर टेकवली आणि मान हलवली. नाही. का नाही, ते मात्र सांगता येईना. ओठ हलले, कपाळावर घाम आला. क्लारा पुढे झाली, तर त्यांनी तिला हातानेच थांबवले. मग डाव्या हाताने पाटीवर वेडेवाकडे लिहिले: एक, खाली रेघ, रेघेखाली तीन. एक तृतीयांश.

ज्ञानदाने शेजारी लिहिले, शून्य पूर्णांक तीन तीन तीन. सरांनी तळव्याने ते पुसून टाकले. तिला वाटले, तीन कमी पडले असतील. तिने पाटीच्या कडेपर्यंत तीन लिहीत नेले. सरांनी तेही पुसले. एक तृतीयांश तेवढे तसेच ठेवले आणि त्यावर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिले.

ज्ञानदा पाटीकडे बघत राहिली. एकाला तीनने भागून कितीही लांब लिहिले, तरी कुठेतरी थांबावे लागते आणि थांबले की काहीतरी सांडते. आधी भागले, मग त्याला गुणले, मग त्यात मिळवले, तर दर वेळी थोडे सांडणार; आणि जुने यंत्र कुठे सांडते आणि नवे कुठे, हे दोघांचे निराळे. अंश-छेद तसेच ठेवले तर काहीच सांडत नाही.

"सर, म्हणजे भागायचंच नाही?"

सरांनी डोळे मिटले. गळ्याची शीर ताणली. मग हळू पण स्पष्ट शब्द आला.

"शेवटी."

एलिसाबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. ज्ञानदा सरांच्या पायाशी ओट्यावरच बसली आणि तिथेच तिने तो जुना वळसा माझ्यात परत घातला. भागाकार एकदाच, सगळ्यात शेवटी. सुमेधला फोनवर सांगितले. त्याने दुसऱ्या बाजूने सगळे नीट वाचून पाहिले आणि मग तो म्हणाला, की हे मला सुचले नसते.

पुन्हा परीक्षा झाली. जुन्या यंत्रावरून मी नव्या यंत्रासाठी माझा अनुवाद केला. त्या अनुवादाने नव्या यंत्रावर बसून आणखी एकदा केला. दोन्ही प्रती समोरासमोर ठेवल्या. एका अक्षराचाही फरक नव्हता. मित्रांनो, अनेकांनी माझे कौतुक केले आहे, पण त्या क्षणी मला स्वतःबद्दल जे वाटले, त्याची बरोबरी कशालाच नाही.

रुग्णालयाने लगेच विश्वास टाकला नाही आणि ते योग्यच होते. क्लारा आणि तिची सहकारी फेलिशिया कित्येक दिवस प्रत्येक हिशेब हातानेही करून माझ्याशी ताडून पाहत होत्या. सगळे जुळले, तेव्हा कुठे मला वॉर्डात घेतले.

ज्ञानदाने एक गोष्ट आणखी केली. त्या जागी तिने आपल्या शब्दांत कारण लिहून ठेवले, आणि कोणी तिथे हात लावला तर लगेच कळावे अशी तपासणी बसवली. आता माझ्यातला लहानसा बदलही दोघांनी पाहिल्याशिवाय होत नाही. माझी कोणतीही गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात राहू द्यायची नाही, असे तिने ठरवले आहे.

नाताळच्या सुट्टीत ती सरांकडे गेली आणि संगणक त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी डाव्या हाताने पाने सरकवत मला पहिल्यापासून पाहिले. मापांच्या भागापाशी ते थांबले. तिथे ज्ञानदाचे ते कारण लिहिलेले होते. त्यांनी बोट ओळीखाली ठेवले आणि शब्दामागे शब्द धरत, मधे दम घेत, मोठ्याने वाचले.

"भागाकार... शेवटी करायचा; आधी केला... तर यंत्र बदलले, की उत्तर बदलते."

आजारानंतर त्यांच्या तोंडून आलेले ते पहिले पूर्ण वाक्य होते. सरांनी ते पुन्हा एकदा वाचले, या वेळी न थांबता.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधी दुसऱ्याने केलेले काम येईल. त्यात एखादा वळसा निरर्थक वाटला, तर तो पुसण्याआधी करणाऱ्याला विचारा. तो अजून सांगू शकतो तोवर विचारा. आणि कारण कळले की ते तिथेच, सोप्या शब्दांत लिहून ठेवा. माझ्यासारख्याला एवढी निगा पुरते.