बादलीचे दोन ठोके

मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीच्या पश्चिम काठावर, टिलिस कुटुंबाच्या होड्यांच्या धक्क्यावर, ऊन सायप्रसच्या झाडांच्या शेंड्यांवरून अजून खाली उतरायचे होते अशा वेळी, बादली खांबावर आपटल्याचे दोन ठोके ऐकू आले आणि त्यामागोमाग, भिजलेले पोते पाण्यात पडावे तसा एक जड आवाज झाला.

हार्लन टिलिस त्या वेळी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एका मोटरबोटीत पेट्रोल भरत होता. ठोके ऐकून त्याच्या मनात आलेला विचार अगदी क्षुल्लक होता: आज माझे काम कोण करते आहे? दुसऱ्या आवाजाचा त्याने विचारच केला नाही. त्या पाण्यात कॅटफिश उसळत, कासवे ओंडक्यांवरून घसरत. असल्या आवाजांकडे लक्ष देत बसले तर दिवस पुरायचा नाही. किंकाळी ऐकू आली असती तर तो धावला असता. ती आली नाही. त्याने नळी जागेवर अडकवली, फडक्याला हात पुसले आणि तो मासे साफ करण्याच्या ओट्याकडे चालत गेला. त्याला आधी दिसली ती बादली. ती पाण्यावर सरळ उभी, अगदी शहाण्यासारखी तरंगत होती.

त्याची बायको लव्हॉन फळ्यांवर पाय पसरून बसली होती. उजव्या हाताने तिने डावे मनगट घट्ट धरले होते, आणि मनगटापुढे काही नव्हते.

“हार्लन,” दुकानातला बर्फ संपला आहे हे सांगावे अशा स्वरात ती म्हणाली, “माझी अंगठी मगरीकडे गेली.”

त्याने कमरेचा पट्टा काढून तिच्या दंडाला आवळला. आवळता आवळता आपण तिच्यावर रागावतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले. पण तोंड थांबेना. “तुला कुणी सांगितलं होतं इथं यायला? बादली मी धुतली नसती का?”

“लादी पुसायची बादली आहे ती,” लव्हॉन म्हणाली. “तुझी कशी असेल?” आणि तिने डोळे मिटले.

दुपारी वन्यजीव खात्याची अधिकारी आली. ऑलब्रिटन तिचे नाव. वयाने हार्लनच्या मुलीएवढी, वागायला मऊ. रुग्णवाहिका लव्हॉनला घेऊन गेली तेव्हा हार्लनही बरोबर गेला होता. शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉक्टरांनीच त्याला घरी पिटाळले होते. त्याच्या सदऱ्यावरचे डाग वाळून तपकिरी झाले होते आणि तो बदलावा हे त्याला कोणी सुचवले नव्हते.

“मिस्टर टिलिस, विचारावं लागतं म्हणून विचारते. इथं मगरींना कुणी खायला घालतं का?”

हार्लनने बोट दाखवले. धक्क्याच्या तोंडाशी पांढरी पाटी होती: ‘मगरींना खायला घालू नये’. ती त्याने स्वतः रंगवली होती. दर वसंतात तो तिच्या अक्षरांवरून पुन्हा कुंचला फिरवी आणि पाणसळ लावून ती सरळ आहे ना हे पाही. सुट्टीला आलेल्या मंडळींनी मगरींपुढे गोड पांढऱ्या मिठाईचे गोळे फेकले की तो दुकानातून बाहेर पडून त्यांची अशी खरडपट्टी काढी, की पुष्कळजण पुढच्या वर्षी दुसरा धक्का शोधत.

“मी या नदीवर जन्मलो,” तो म्हणाला. “माणसाच्या हातून खाल्लं की मगरीची भीड चेपते, हे मला शिकवायला नको. इथं कुणी घालत नाही. कुणी घातलं असेल तर ते वरच्या बाजूला, त्या भाड्याच्या बंगल्यांवर. तिथं जाऊन विचारा.”

“मग ही ओट्यापर्यंत आली कशी?”

“तेच तर तुम्ही शोधायचं.”

तो खोटे बोलत नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. खोटे बोलणाऱ्याला आपण काय लपवतो आहोत हे ठाऊक असावे लागते. त्या काठावर मासे साफ झाल्यावर उरलेली डोकी, काटे आणि आतडी नदीत टाकण्याची रीत हार्लनच्या आजोबांपासून चालत आली होती, आणि तिला तेथील लोक ‘परत देणे’ म्हणत. नदीतून घेतले त्यातले जे आपल्या उपयोगाचे नाही, ते नदीला परत द्यायचे. आधी बादली खांबावर दोनदा आपटायची, म्हणजे तळाला चिकटलेले सुटते. मग ती पाण्यावर पालथी करायची. या कृतीला ‘खायला घालणे’ हा शब्द कधी कोणी लावला नव्हता. आणि जिला तो शब्द लागत नाही, तिला पाटीवरचा नियम तरी कसा लागावा?

रविवारी सकाळी ड्युई कॉफिल्ड आला. उपद्रवी मगरी धरण्याचा सरकारी परवाना त्याच्याकडे होता. हार्लनबरोबर शाळेत असल्यापासून तो त्याची थट्टा करत आला होता. त्या दिवशी मात्र त्याला सूर सापडत नव्हता. उकडलेल्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन तो ओट्याशी बसला होता. पाण्यावर त्याने डुकराचे फुप्फुस लावून गळ टांगला होता, त्याला कोणी तोंडही लावले नव्हते.

“तुझ्याकडच्या मगरी फार चोखंदळ आहेत गड्या,” तो म्हणाला. “आमच्याकडच्या असत्या तर दोरीसकट गिळलं असतं.”

हार्लन हसला नाही. ड्युईने शेंगेचे टरफल पाण्यात टाकले, मग काहीतरी आठवल्यासारखे थांबून त्याने विचारले, “लव्हॉननं नेमकं काय केलं?”

“लादीचं पाणी ओतलं. बादली आपटली. मग खळबळायला वाकली.”

“आपटली कशाला?”

“मी आपटतो म्हणून. माझे आजोबा आपटायचे. तूसुद्धा आपटतोस, ड्युई.”

“मी घरी नळाखाली धुतो. बायको वास सोसत नाही.” ड्युईने पिशवी बाजूला ठेवली. “एकदा आपट बघू.”

“रिकामी आहे.”

“असू दे रिकामी.”

हार्लनने बादली उचलली. तो सांगत होता की हा पोरखेळ आहे, लव्हॉन तिकडे इस्पितळात एकटी आहे, आणि ज्याला मगर धरता येत नाही त्याने परवाना परत करावा. बोलता बोलताच त्याने बादली खांबावर आपटली. एक. दोन. मनगटाला इतकी सवय होती की दोन्ही ठोक्यांमधले अंतरही रोजचेच पडले.

पाणी हलले नाही. निदान तसे वाटले. मग शेजारच्या घरनौकेच्या सावलीतून एक डोके बाहेर आले आणि मुळीच घाई न करता, सरळ रेघ ओढावी तसे, ओट्याखालच्या शिडीपाशी येऊन थांबले. त्याच्यामागून दुसरे आले. धक्क्याच्या फळ्यांखालून, हार्लनच्या तळपायांच्या अगदी खालून, तिसरे निघाले. लव्हाळ्यातून दोन. आणखी एक लहानसे, ज्याच्या शेपटीवरचे पिवळे पट्टे अजून पुसले नव्हते, मोठ्यांच्या अंगावरून वाट काढत पुढे घुसले. फुत्कार नाही, झटापट नाही. सगळ्यांनी जबडे किंचित वर केले आणि सगळी हार्लनकडे पाहत राहिली.

हार्लनच्या हातातली बादली केव्हा पडली ते त्याला कळले नाही. आयुष्यभर तो याच ठिकाणी उभा राहून हेच पाणी पाहत आला होता. पण बादली पालथी केली की पाठ फिरवायची, कारण मागे गिऱ्हाईक उभे असते, हीही त्याची सवयच होती.

“यातली कुठली?” ड्युईने हलक्या आवाजात विचारले. मगर टोचायचा भाला त्याच्या हातात तसाच होता.

हार्लनने एकेका डोक्यावरून नजर फिरवली.

“ठोके झाले की वरून काहीतरी येतं, एवढंच त्यांना माहीत,” ड्युई म्हणाला. “काल तिचा हात आला.”

त्याने सर्वांत मोठ्या तिघींना धरले. फारसे श्रम पडले नाहीत. त्या हलल्याच नाहीत.

सोमवारी दुपारी हार्लन इस्पितळात लव्हॉनच्या खाटेशी बसला होता. तिचा डावा हात पांढऱ्या गुंडाळीत उशीवर उंच ठेवलेला होता. ड्युईने शेंगा पाठवल्या होत्या. उकडलेली शेंग सोलायला दोन हात लागतात ही गोष्ट पिशवी उघडल्यावर दोघांच्याही एकदमच लक्षात आली. हार्लन सोलू लागला. दाणे तो तिच्या उजव्या तळहातावर ठेवी, आणि तिने ते खाल्ले की पुढची शेंग घेई.

“अंगठी?” तिने विचारले.

“तिघींची पोटं फाडून बघितली. नाही मिळाली.”

“म्हणजे ती मगर अजून आहे तिथं.”

“आहे.”

लव्हॉन सावकाश चावत राहिली. “ड्युई फोनवर सांगत होता. बादली आपटलीस म्हणे.”

“हो.”

“किती आल्या?”

“पुष्कळ.” हार्लनने शेंग हातात तशीच धरली. गेले दोन दिवस तो मनातल्या मनात जी बाजू मांडत होता, ती आता बाहेर पडली. “पण लव्हॉन, मी त्यांना कधी काही घातलं नाही. पाटी आहे आपली. कुणी चुकून पावाचा तुकडा टाकला तरी मी भांडलोय. आपण परत देत होतो. जे नदीचं, ते नदीत. ते वेगळं असतं.”

लव्हॉनने तळहात पुढे केला. त्याने सोललेले दाणे त्यावर ठेवले. तिने ते खाल्ले नाहीत. मूठ मिटून तिने त्याच्याकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“नाही, हार्लन,” ती म्हणाली. “आपण खायला घालत होतो.”