दोन ठिपक्यांमधला सुळका

फलनाचा आलेख जास्तीत जास्त किती वर जातो, म्हणजे त्या फलनाचा सुप्रीमम, सरांनी काल वर्गात सॉफ्टवेअरला शंभर ठिपक्यांवर मोजायला लावून काढला होता: चार. आज एका मुलीच्या गृहपाठाच्या वहीत उत्तर नऊ दिसलं आणि त्यांचा पारा चढला.

"अक्कल गहाण ठेवलीस का? मशीन चुकतं होय?" भर वर्गात त्यांनी तिला फैलावर घेतलं. ती मान खाली घालून बसली.

तास संपल्यावर, तिला खोटं पाडायला म्हणून, त्यांनी ठिपके दहापट वाढवले. कालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध एक सुळका उभा राहिला, थेट नऊला टेकलेला.

ओशाळून त्यांनी वहीचं पान उलटलं. मागे लिहिलं होतं, 'सर, ठिपके लांब-लांब पडलेत. चारचौघांत सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.'