तिच्या वाट्याचं ‘नाही’

“साहेब, बंधाऱ्याच्या फळ्या एवढ्यात काढू नका. आभाळ बघा, कुठं ढगाचं पिल्लू तरी दिसतंय का?” पंपवाला म्हणाला आणि वखारीच्या दारातल्या ओंडक्यावर ऐसपैस बसला. त्याच्यामागं त्याच्यासारखेच नदीवर पंप टाकलेले, वरच्या अंगाचे चार-पाच शेतकरी उभे होते. उन्हानं सगळ्यांचे चेहरे भाजून निघालेले. “मका कणसात आलाय. आणखी दोन पाणी मिळाली तर पीक हातात येतं. थोडं थांबा, एवढंच म्हणणं आहे.”

मी म्हणालो, “पाहू.”

आयुष्यभर मी हेच म्हणत आलो. नुसती लाकडाची वखार होती तेव्हाही आणि आमदार झालो तेव्हाही. “शेठ, तुळया परवापर्यंत कापून होतील?” पाहू. “साहेब, पोराची बदली इकडं करता येईल?” पाहू. माणूस खूश होऊन उठायचा. तो उठायच्या आत आतल्या दारातून माझी बायको हात पुसत बाहेर यायची आणि सांगायची, “ते होणार नाही. उगाच हेलपाटे घालू नका.” माणूस तिच्यावर चिडायचा, माझ्यावर नाही. आम्ही काही बसून ठरवलं नव्हतं. संसारात जशी कामं आपोआप वाटली जातात, तसं ‘नाही’ म्हणायचं काम तिच्या वाट्याला आलं होतं.

त्या सकाळीही मी ‘पाहू’ म्हणालो आणि सवयीनं आतल्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. कोणी आलं नाही. थंडी सरता सरता ती गेली होती.

पंपवाल्यानंही तिकडं बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “पक्षाची माणसं येणार आहेत तुमच्याकडं. यंदा पुन्हा तुमचं नाव चाललंय. वहिनी गेल्यापासून लोकांना तुमचा कळवळा आहे. वरचं अंग सगळं तुमच्या मागं उभं करतो. आणि खरं सांगू का साहेब, आता घरातून आडकाठी पण नाही.”

तो चांगल्या मनानंच बोलला. मी मान हलवली.

“झालं तर मग,” तो उठत इतरांना म्हणाला. “साहेबांनी शब्द दिला. चला.”

ते गेल्यावर मिस्त्रीनं करवत बंद केली. मिस्त्री माझ्याकडं मिसरूड फुटल्यापासून आहे. सगळं गाव मला साहेब म्हणायला लागलं तरी हा शेठच म्हणतो.

“शेठ, शब्द कधी दिलात?”

“कुठं दिला? पाहू म्हणालो.”

“तेच म्हणतोय मी. आधी पाहू म्हणजे पाहू होतं. आता तुमच्या मागून बोलणारं कोण आहे? आता तुमचं पाहू म्हणजे हो.”

भुसा झटकून तो चहा प्यायला बसला. मीही बसलो. चहा मीच केला होता. गोड जास्त झाला होता, तरी त्यानं कप रिकामा केला.

फळ्यांचा हा प्रकार सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गावाला लागून नदी आहे आणि नदीवर बंधारा. दगडी खांबांची रांग, खांबांना खाचा, खाचांत लाकडाच्या फळ्या बसवायच्या, एकीमागं एक अशा दोन ओळी, आणि मधे चिखल ठासायचा. पाऊस संपला की फळ्या बसतात, पाणी तुंबतं, आणि वरच्या अंगाचे पंप त्यावर चालतात. पावसाच्या आधी फळ्या काढायच्या. नाही काढल्या तर पुराला वाट मिळत नाही, पाणी काठाला वळसा घालून खोलगटात घुसतं. त्या खोलगटात खालची वस्ती आहे. मोलमजुरी करणाऱ्यांची घरं, मातीच्या भिंती.

आणि नवख्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते. पूर आल्यावर फळ्या निघत नाहीत. लाकूड फुगलेलं असतं, वरून पाण्याचा दाब, ट्रॅक्टर लावून ओढलं तरी साखळी तुटते, फळी हलत नाही. ते काम आभाळ कोरडं असतानाच उरकावं लागतं. म्हणजे वर ऊन रणरणतंय, पिकं पाणी मागतायत आणि कोणीतरी भरलेला बंधारा सोडून देतोय. त्या दिवशी तो माणूस वेडाच दिसणार.

हा बंधारा माझ्या आमदारकीतला. सभागृहात मी फारसा बोललो नाही. बोलणारे खूप होते. मी मागच्या बाकावर बसायचो आणि समोरच्या लाकडी कठड्याचे सांधे बघायचो. वाईट सुतारकाम होतं. पण या बंधाऱ्यासाठी मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. बांधून झाला आणि सरकारी फळ्या पहिल्याच वर्षी कुजल्या. तेव्हा माझ्या वखारीतलं जुनं, चांगलं वाळलेलं लाकूड कापून मी नव्या फळ्या दिल्या. ओढायचे लोखंडी आकडे आणि साखळ्या आमच्याच वखारीत राहिल्या. तेव्हापासून फळ्या कधी काढायच्या हे आमच्या दारातून ठरायला लागलं. दारातून म्हणजे तिच्याकडून.

ती दिवस ठरवायची आतल्या दारावरून. ते दार मी लग्नानंतर नवं बसवलं होतं, आणि चांगला माल गिऱ्हाइकाला देऊन घरासाठी ओला माल वापरला होता. वखारवाल्याच्या घरात असंच असतं. ते दार कधी नीट वाळलंच नाही. हवेत ओल यायला लागली की माणसाला कळायच्या आधी त्याला कळायचं. खाली घासायचं, मग अडायचं. ती लाथेनं ढकलायची आणि सांगायची, “मिस्त्री, आकडे बाहेर काढा.” मिस्त्री दर वर्षी विचारायचा, “रंधा मारून देऊ का दाराला?” मी म्हणायचो पाहू. ती म्हणायची, खबरदार.

तिचंही चुकायचं. दोनेकदा फळ्या काढल्या आणि पाऊस बराच लांबला. लोकांनी दारात येऊन शिव्या घातल्या. तिनं ऐकून घेतल्या आणि आत जाऊन जेवायला बसली. वरच्या अंगाला तिचं नाव ‘खिळा’ पडलं होतं. ओंडक्यात जुना खिळा दडलेला असला की करवतीचं पातं जातं. आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. तिला कळलं तेव्हा ती हसली होती. “खिळा आहे म्हणून तुमच्या या खटाऱ्याच्या फळ्या जागेवर आहेत,” असं मला म्हणाली होती.

दुसऱ्या निवडणुकीला मतदान तोंडावर आलं होतं आणि दार अडलं. पक्षाची माणसं हात जोडून म्हणाली, वहिनी, मतदान होऊ द्या, मग काय करायचं ते करा. मी पाहू म्हणालो. तिनं त्याच दुपारी आकडे बाहेर काढले. वरच्या अंगाची मतं एकगठ्ठा फिरली आणि मी पडलो. निकालानंतर थोड्याच दिवसांत नदी दुथडी भरून आली. खालच्या वस्तीत एकही घर पडलं नाही. पण जे घर पडत नाही त्याची बातमी होत नाही. लोक एवढंच म्हणाले, बायकोनं बुडवला.

निकालाच्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, “लई वाईट वाटतंय का हो?”

मी म्हणालो, “थोडं.”

“थोडं चालेल,” ती म्हणाली. “भात वाढू का?”

तर पंपवाला येऊन गेला आणि दुपारपर्यंत गावभर झालं, साहेबांनी फळ्या ठेवायला सांगितल्या. तिसऱ्या प्रहरी भुसेवाली आली. ही खालच्या वस्तीतली बाई, वखारीतला भुसा पोत्यानं नेते आणि चुलीसाठी विकते. माझ्या बायकोची आणि तिची रोज काहीतरी भांडणं व्हायची आणि रोज दोघी एकत्र चहा प्यायच्या.

तिनं पोतं भरायला घेतलं नाही. दारातच उभी राहिली.

“साहेब, खरं का ते?”

“काय?”

“तुम्हाला माहीत आहे काय ते. माझी सून भरल्या दिवसांची आहे. तिला घेऊन शाळेच्या ओट्यावर जाऊ का आत्ताच? म्हणजे ऐन वेळी पळापळ नको.”

“अगं, अजून पावसाचा पत्ता नाही...”

“ताई असत्या तर मी विचारायला आलेच नसते,” ती म्हणाली. “ताईंना विचारावं लागत नव्हतं.”

ती रिकामं पोतं खांद्यावर टाकून गेली. मी वखारीत एकटाच बसलो. गरम वारा सुटला होता, भुशाची भोवरी उठत होती आणि डोळ्यांत जात होती. मग उठलो आणि आतल्या दारापाशी गेलो. ती गेल्यापासून ते दार मी उघडंच ठेवलं होतं. बंद करायचा धीर होत नव्हता. आता लोटलं. निम्म्यापर्यंत नेहमीसारखं आलं आणि मग खाली फरशीला खर्रकन घासलं. अडलं नाही, पण घासलं. पुन्हा मागं घेतलं, पुन्हा लोटलं. पुन्हा घासलं.

मी तिथंच फरशीवर बसलो. रडलो म्हणायला हरकत नाही. मग तोंड धुतलं आणि मिस्त्रीला हाक मारली.

“आकडे बाहेर काढ.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. साखळ्या हातगाडीवर टाकताना तेवढं म्हणाला, “शेठ, पागोटं बांधा. ऊन आहे, आणि शिव्यापण लागतील.”

खालच्या वस्तीतली माणसं वाटेतच मागं लागली. बंधाऱ्यावर पोचून पहिली फळी आकड्यात अडकवली, तोवर पंपवाला मोटारसायकल उडवत आला. गाडी स्टँडला न लावताच त्यानं आडवी टाकली.

“साहेब, हे काय चाललंय? सकाळी शब्द दिलात तुम्ही!”

“पाहू म्हणालो होतो. पाहिलं.”

“मग?”

मला वाटलं होतं सोपं असेल. सभागृहात उभा राहिलोय, हजारो लोकांपुढं माइकवर बोललोय. पण तो शब्द घशातून वर येईना. मी खाकरलो. काहीतरी पुटपुटलो.

“काय म्हणालात?”

“नाही म्हणालो!” आवाज इतका चिरका निघाला की साखळी ओढणारे थांबले. “जमणार नाही. फळ्या निघणार.”

“माझा मका जळेल हो.” त्याचा सूर उतरला. या सुरानं मला आणखी त्रास झाला. त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या बांधावर मी जाऊन आलोय, कणसं खरंच दुधात होती.

“जळेल,” मी म्हणालो. “मका जळेल. मातीच्या भिंतींचं मात्र पुन्हा पीक येत नाही.”

“तिकिटाचं विसरा मग.”

“बरं.”

“वहिनींनी बुडवलं तेव्हा आम्ही तुमच्याकडं बघून गप्प बसलो. तुम्ही आमचे होता.” तो गाडी उचलून उभी करत म्हणाला. “आता कोणाकडं बघायचं?”

मी साखळीला हात घातला. फळी निघाली. चिखलाचा लोंढा सुटला, मग गढूळ पाणी, मग भरभर स्वच्छ पाणी. वरच्या अंगाची माणसं काठावर उभी राहून बघत होती. पाणी जाताना बघणं फार वाईट असतं. शेवटची फळी निघाली तेव्हा दिवस कलला होता.

आणि मग पाऊस आलाच नाही.

रोज सकाळी आभाळ कोरडं ठणठणीत. नदीचं पात्र उघडं पडलं, त्यात म्हशी बसायला लागल्या. मका पिवळा पडला, मग पांढरा. ज्यांचा थोडा वाचला त्यांनी लांबून पाणी आणून वाचवला. पक्षाची माणसं गावात आली, पंपवाल्याकडं चहा पिऊन गेली. माझ्या दारावरून त्यांची गाडी गेली तेव्हा काचा वर होत्या. तिकीट पंपवाल्याच्या भाच्याला द्यायचं ठरलं. पोरगा चांगला आहे. सगळ्यांना हो म्हणतो.

वखारीच्या दारातला ओंडका मोकळा राहायला लागला. आधी सकाळपासून त्यावर बसायला जागा नसायची. एकदा पंपवाला मोटारसायकलवरून जाताना मागं बसलेल्याला म्हणाला, मला ऐकू येईल असं, “तो बघ, खिळा बसलाय.” मागचा हसला. मी पण ऐकलं आणि बसून राहिलो. मग आत जाऊन जेवलो. भूक लागली होती, याचं मलाच नवल वाटलं.

भुसेवाली एकदा म्हणाली, “साहेब, दोन पोती वर द्या की यंदा. तुमच्यासाठी आमच्या वस्तीनं किती शिव्या झेलल्या.”

“नाही,” मी म्हणालो. “सगळ्यांना सारखंच.”

ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. तिला नातू झाल्याचंही तेव्हाच सांगून गेली.

काल सकाळपासून वारा पडला होता. करवतीचा आवाजही जड येत होता. दुपारी जेवायला आत जायला निघालो तर सकाळी लोटलेलं आतलं दार हलेना. हातानं ढकललं, मग खांदा लावला. अखेर लाथ घातली तेव्हा उघडलं.

बाहेरून मिस्त्रीनं ऐकलं. हातातली फळी खाली ठेवून तो दारापाशी आला. दाराच्या खालच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं.

“चांगलंच फुगलंय. यंदा तरी रंधा मारून देऊ का, शेठ?”

“नाही,” मी म्हणालो.