डॉन क्रिसान्तोचा अंगठा

इसाबेला गावाबाहेरच्या मैदानात रविवारी पोरांपेक्षा बाप्येच जास्त खेळत. हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या, नायट्रो इंधन पिणाऱ्या गाड्या. गाडीच्या अंगावरची दोरी खेचली की इंजिन किंचाळत सुरू होई. हल्ली मात्र गर्दी शर्यतीपेक्षा दृष्ट काढणाऱ्या क्रिसान्तोसाठी जमत होती; आदराने सगळे त्याला 'डॉन' म्हणत.

पांढराशुभ्र सदरा, गळ्यात काळ्या मण्यांच्या माळा, आवाजात लोणी. शर्यतीआधी तो प्रत्येक गाडीला आशीर्वाद देई. मागच्या धुराच्या नळीवर अंगठा दाबून म्हणे, "हिचं तोंड मी झाकलंय, वाईट नजर आत शिरायची नाही. ओढ दोरी, माझा मंत्र संपेपर्यंत ओढ." मंत्र कधी छोटा, कधी लांबलचक. मंत्र लांबला की हटकून ती गाडी अडे आणि दोरी तसूभर हलेना. मग डॉन उसासा टाकी. "दृष्ट लागली. पोट गच्च झालंय बिचारीचं." अपचन झालेल्या लेकराचं पोट चोळावं तसं कोमट तेल घेऊन तो तिला पडद्याआड नेई, आणि थोड्या वेळात ती आत ठणाणा ओरडू लागे. बाहेर शिकलेसवरलेले लोक छातीवर क्रूस काढत. अक्कल बहुधा घरी ठेवून येत असावेत.

त्या रविवारी एफ्राइनची गाडी अडली. लागोपाठ तिसऱ्यांदा. डॉनने गर्दीवरून नजर फिरवली आणि एफ्राइनच्या बायकोवर, सोराइदावर थांबवली.

"नजर घरातलीच आहे. कूस रिकामी असली की डोळे जड होतात."

सोराइदाच्या डोक्यात तिडीक गेली. ती शाळेत विज्ञान शिकवत होती. असला अपमान कुणी केला नव्हता. पण खरा घाव पुढेच होता. तिची नणंद इवेत हिने कडेवरचं तान्हं पदराआड घ्यावं तसं छातीशी दडवलं.

"वहिनी, राग मानू नकोस. पण बाप्तिस्म्याला बाळाला तू नको धरूस. धर्ममाता मी दुसरी बघते."

एफ्राइन बुटांकडे बघत राहिला.

"अंगणात रोज माझ्या नाकासमोर हीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते," सोराइदा नवऱ्याला म्हणाली. "तिथे माझे डोळे कुठे जातात?" आणि नणंदेकडे वळली. "तुझ्या नवऱ्याची गाडी आण. आशीर्वाद नको."

ती गाडीपुढे उकिडवी बसली आणि डोळे फाडफाडून बघत राहिली. इवेतच्या नवऱ्याने दोरी ओढली, इंजिन लगेच सुरू झालं. तिने ते बंद करायला लावलं.

"आता मी पाठ फिरवते. डॉन, ठेवा अंगठा. मंत्र लांबलाच पाहिजे."

"देवाची परीक्षा घेऊ नये, बाई."

"देवाची नाही हो, अंगठ्याची. बरं, तुम्ही राहू द्या. इवेत, तू ठेव. तुझी नजर तर निर्मळ आहे ना?"

इवेतने नळी दाबली, नवरा दोरी ओढत राहिला. ओढता ओढता दोरी दगडासारखी अडली. इवेतने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"लागली तुझी दृष्ट," सोराइदा म्हणाली. "नळी बंद केली की आतली हवा इंधनाच्या टाकीत घुसते आणि इंधन इंजिनात ढकलते. थोडं ढकललं तर बरंच, इंजिन लवकर सुरू होतं. पण ओढतच राहिलं तर ते गळ्यापर्यंत भरतं. हवा दाबली जाते, पाणी किंवा तेल दाबलं जात नाही. मग आतला दट्ट्या हलणार कसा?"

तिने पान्याने वरचा प्लग काढला, गाडी उलटी धरली आणि दोरी खेचली. इंधनाची पिचकारी थेट डॉनच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. प्लग पुसून परत बसवला, तशी गाडी किंचाळत सुरू झाली.

"पडद्याआड हेच चालायचं ना? तेल कशाला वाया घालवता?"

"श्रद्धा नसली की असं होतं," डॉन पुटपुटला. पण लोक त्याच्या अंगठ्याकडेच बघत होते. तो पडदा गुंडाळू लागला.

बिघडलेली वस्तू उघडून बघायला एक पाना लागतो आणि थोडा धीर. आपण दोन्ही सोडून आधी एखादी बाई शोधतो आणि तिच्या माथी खापर फोडून मोकळे होतो. ही सवय मोडली तर असल्या डॉनला बसायला जागाच उरणार नाही.

इवेतने खाली मान घालून बाळ पुढे केलं. सोराइदाने हात पुढे केले नाहीत.

"उद्या हे रडेल, तापेल. तेव्हा डॉक्टरकडे नेशील की माझे डोळे तपासशील?"

"डॉक्टरकडे नेईन, वहिनी."

"मग दे इकडे."