करंगळीची जागा

मॅडमनी तिच्या खांद्यावरून वाकून पेनाचं टोक पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि मग पेन बंद करून टाकलं. पेनाने दाखवून संपतील इतक्या कमी चुका त्या नव्हत्या.

"हा प्रोग्राम आहे की रजेचा अर्ज?"

लॅब हसली. लॅबला हसायला फार कारण लागत नाही. दुसऱ्याचा प्रोग्राम बंद पडला की आपला चालतो, अशी पहिल्या वर्षाची श्रद्धा असते. पण मॅडमचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रत्येक ओळ मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी जिथे सेमिकोलन हवा, तिथे ठसठशीत पूर्णविराम होता. शीर्षक मधोमध होतं, समास सोडलेला होता. इतका देखणा आणि इतका निरुपयोगी प्रोग्राम त्या लॅबमध्ये आजवर कुणी आणला नसेल. मॅडमनी प्रात्यक्षिकाचा शून्य मांडला आणि फेरपरीक्षेला या म्हणून सांगितलं.

गुन्हेगार कोण, हे तिला पहिल्याच ओळीत कळलं होतं.

तिचे वडील टायपिंगचे मास्तर. औषधांच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचा क्लास चाले, आणि गावातल्या निम्म्या कचेऱ्यांमधली बोटं त्यांच्या हाताखालून गेली होती. मग कचेऱ्यांत संगणक आले, माडी ओस पडली, यंत्रं भंगारात गेली. मास्तरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मुलीने इंजिनिअरिंगला नेमका संगणकच घेतला तेव्हा आईने त्यांच्याकडे जरा भीतभीतच पाहिलं. पण ते एवढंच म्हणाले, की शत्रूच्या घरात आपलं एक माणूस असलेलं बरं.

सगळ्या गावाला शिकवणाऱ्या मास्तरांचा एकच विद्यार्थी हातचा गेला, तो घरातलाच. लहानपणी त्यांनी तिला एकदा यंत्रापुढे बसवलं होतं आणि हातांवर फडकं टाकलं होतं. त्यांच्या क्लासात पहिल्या दिवसापासून अक्षरांच्या किल्ल्या झाकलेल्या असत. बघून टाइप करणं म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी करणं. मग पहिला धडा सांगितला. डाव्या हाताने ए एस डी एफ जी एफ. उजव्याने सेमिकोलन एल के जे एच जे. डाव्याने विचारायचं, उजव्याने उत्तर द्यायचं. पण तिची करंगळी तेव्हा सेमिकोलनपर्यंत पोचेना. तिने फडकं भिरकावलं आणि खाली खेळायला पळाली, ती पळालीच. अजूनही ती दोन बोटांनीच टाइप करायची, कोंबडीने दाणे टिपावेत तशी.

म्हणून तर हे झालं. कॉलेजात प्रोग्राम आधी कागदावर हाताने लिहायचा, मॅडमची सही घ्यायची आणि मगच टाइप करून आणायचा, अशी पद्धत. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने कागद वडिलांपुढे ठेवला. त्यांनी फडक्याने लॅपटॉप पुसला, पाठ ताठ केली आणि खिडकीबाहेर पाहत चहा निवायच्या आत काम उरकलं. आणि मूळ प्रत अशुद्ध दिसली म्हणून, तीस वर्षांच्या सवयीने, जाता जाता शुद्ध करून टाकली.

घरी आल्यावर तिने दप्तर कॉटवर टाकलं, लॅपटॉप मास्तरांपुढे उघडला आणि सगळं सांगितलं. संगणकाला मोठं अक्षर वेगळं, छोटं वेगळं. त्याला पूर्णविराम कळत नाही. मास्तर मान हलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं,

"म्हणजे प्रत्येक ओळीला सेमिकोलन?"

"हो."

"अगं, मग करंगळीला शेवटी काम मिळालं म्हणायचं. बिचारी पहिल्या धड्यापुरती. पुढे जन्मात कुणी विचारत नाही तिला."

त्यांना खरोखरच आनंद झाला होता. बेकार फिरणाऱ्या भाच्याला नोकरी लागावी, तसा.

"बाबा, माझा पेपर गेलाय," ती म्हणाली. "तुमचं टायपिंग संपलं आता. तुम्ही याला हात लावत जाऊ नका."

आईने ओट्यापाशी भांडं खाली ठेवलं, नको तेवढं हळू. मास्तरांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. काढण्याआधी बोटांखालच्या किल्ल्या फडक्याने पुसल्या.

"बरं, ठमाबाई," म्हणाले.

त्या आठवड्यात घरात बोलणं झालं ते चहा घे, दार लाव, एवढंच. आठवडा संपायच्या आत एका सकाळी मास्तर आंघोळ करून बाहेर आले आणि दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसले.

डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली, म्हणून उजवं अंग गेलं आणि बोलणंही. आईने विचारलं, बोलणं परत येईल का. डॉक्टर म्हणाले, येईलही. त्या 'येईलही'वर घर चालू लागलं.

भेटायला जुने विद्यार्थी येत. आता त्यांचीही डोकी पांढरी झालेली. मास्तर बोलत नाहीत म्हणजे त्यांना ऐकूही येत नसणार, असं धरून ते खाटेशी वाकून ओरडत, "मास्तर, ओळखलंत का?" पलीकडचा पेशंट दचकून जागा होई. मास्तर सगळ्यांकडे सारख्याच शांतपणे बघत. डावा हात तेवढा चादरीवर चालू असे. बोटं उठत, टेकत. नर्स म्हणाली, होतं असं, लक्ष देऊ नका.

ती मात्र लक्ष देत होती. त्या हाताला काहीतरी सांगायचंय, असं तिने मनाशी धरलं होतं. रागावले तरी चालेल, 'तुझ्यामुळे' म्हणाले तरी चालेल. फक्त त्या संध्याकाळचं 'बरं' हे त्यांचं शेवटचं खरं बोलणं राहू नये.

फेरपरीक्षेच्या आदल्या दुपारी आई औषधं आणायला खाली गेली. खाटेवरच्या जेवणाच्या फळीवर लॅपटॉप ठेवून ती सराव करत होती. प्रोग्राम पुन्हा अडला. कुठल्याशा ओळीत सेमिकोलन राहिला होता. तो शोधताना चादरीवरची बोटं तिला पुन्हा दिसली, आणि तिने प्रोग्राम बंद केला. कोरं पान उघडलं. फळी सरकवली आणि वडिलांचा डावा हात उचलून किल्ल्यांवर ठेवला.

बोटं क्षणभर तशीच राहिली. मग जागच्या जागी नीट बसली. मास्तर खिडकीकडे पाहू लागले.

पडद्यावर अक्षरं उमटली. ती पुढे झुकली.

एएसडीएफजीएफ.

एवढंच. ती वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळाने पुन्हा तेच आलं, आणि पुन्हा हात थांबला. तिने पडद्यावर 'बाबा' शोधलं, 'ठमाबाई' शोधलं, एखादं 'नको' तरी. तिथे काही नव्हतं. नर्स म्हणत होती तेच खरं होतं.

लॅपटॉप काढून घ्यायला तिने हात पुढे केला. तेव्हा मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. क्लासात कुणी उशिरा आला की ते असंच बघत. न रागावता, बसायची वाट पाहत. त्यांचा उजवा हात चादरीवर उताणा पडला होता, कुणी विसरून गेलेल्या सामानासारखा.

ती उठली आणि खाटेच्या उजव्या बाजूला येऊन बसली. तो हात तिने आपल्या मांडीवर घेतला आणि स्वतःच्या उजव्या हाताची बोटं किल्ल्यांवर ठेवली. करंगळी कुठे जायची, ते तिला आठवेना. तिने खाली पाहिलं, किल्ली शोधली, दाबली. मग एल. मग के सोडून भलतंच काहीतरी.

डाव्या हाताने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. एएसडीएफजीएफ.

तिने पुन्हा मान खाली घातली.

मास्तरांचा हात किल्ल्यांवरून उठला. तो चाचपडत पोटावरून गेला, चादरीची कड त्याने चिमटीत धरली आणि दम घेत, थांबत, ती वर ओढत आणली; तिच्या बोटांवर घातली आणि वरून एकदा सारखी केली. मग तो परत आपल्या जागी जाऊन बसला.

तिला आता किल्ल्या दिसत नव्हत्या. पडदाही नीट दिसत नव्हता. चादरीखाली करंगळी आपली जागा शोधत होती, आणि डावा हात उत्तराची वाट पाहत थांबला होता.