गुडघ्यांतली बरणी

"मेलेला काढला, तर जिवंतही गप्प?" फिल्म दिव्यासमोर धरून सर म्हणाले.

बाई त्यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवत. पेशीच्या पडद्यावरचे हे दोन रिसेप्टर, बाहेरचा निरोप आत पोचवणारे. एकाचं यंत्र मुळातच बंद, म्हणून सगळे त्याला 'मेलेला' म्हणत. दुसरा धडधाकट. पहिल्याला काढलं तरी दुसरा काम ओढून नेईल, अशी सरांची खात्री होती. पण फिल्मवर त्याच्या कामाची खूण असलेली काळी पट्टीही उमटली नव्हती.

"निरोप मेलेल्यालाच कळतो. तो जोडीदाराला बिलगतो, तेव्हा कुठे त्या जोडीदाराला जाग येते," सर म्हणाले.

बाई "हो" म्हणाल्या आणि त्यांना रडूच आलं. त्यांचे पती, मास्तर, उद्या शुश्रूषागृहात राहायला जाणार होते. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांना उचलता उचलता बाईंची पाठ गेली. "तुझ्या गळ्यात धोंडा नको," म्हणत मास्तरांनीच ते ठरवलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात रोजच्यासारखं झालं. वर्षानुवर्षं पिपेट दाबून बाईंची बोटं सुजलेली. मास्तरांनी खुर्चीत बसून साखरेची बरणी गुडघ्यांत धरायची आणि बाईंनी दोन्ही हातांनी झाकण फिरवायचं. झाकण फिरवता फिरवता बाईंनी फिल्मची गोष्ट सांगितली.

"म्हणजे मी मेलेला! नाव छान ठेवलंस."

"अहो, चेष्टा पुरे. नका ना जाऊ."

"अगं, तुझ्या पेशींना पाठ नसते. तुला आहे. ती मोडली तर दोघंही आडवे."

विज्ञानाची पदवी नेमकी अशा वेळी उपयोगी पडत नाही.

सकाळी गाडी आली. मास्तरांना पोचवून बाई परतल्या तेव्हा घर खायला उठलं. चहा करावा म्हणून त्यांनी बरणी घेतली, मास्तरांच्या खुर्चीत बसून गुडघ्यांत धरली. झाकण हात लावताच निघून आलं. त्यांनी फळीवरच्या दुसऱ्या बरणीला हात लावला, मग तिसऱ्या. सगळी झाकणं नुसती टेकवलेली. सकाळी बाई आंघोळीला गेल्या तेवढ्यात मास्तरांनी एकट्या डाव्या हातानं ती सैल केली होती.

बाई खूप वेळ रडल्या. मग उठून त्यांनी सगळी झाकणं पुन्हा घट्ट लावली, बोटं दुखेपर्यंत.

रविवारी भेटीला निघताना त्यांनी साखरेची बरणी पिशवीत घातली.