सावळीरामची बारा खोकी

ब्रह्मदेशात आपण विमानं पुरली, असं सावळीराम आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले आणि चांदवड त्यांना मरेपर्यंत हसत राहिलं. लढाई संपली, गोऱ्या साहेबानं बारा खोकी धावपट्टीशेजारी पुरून घेतली, आत सुटी केलेली विमानं. एवढीच गोष्ट. गावाला काय, रिकामपणी चघळायला विषय हवाच. निकिताला शाळेत पोरी ‘थापाड्याची नात’ म्हणायच्या, ते तिला अजून झोंबायचं.

आणि आता परदेशातली माणसं खरोखर ती विमानं शोधत होती. दोन ठिकाणी खणून हाती फक्त माती आली होती. आजोबांची नात म्हणून त्यांनी निकितालाही फोन करून विचारलं होतं; नक्की जागा कळली नाही तर आज संध्याकाळी ते गाशा गुंडाळणार होते. आजोबा लढाईवरून आले ते घरी जाण्याआधी रामकुंडावर गेले होते, एवढं निकिताला ठाऊक होतं. म्हणून सातपूरच्या कारखान्यात अर्धी रजा टाकून ती रामकुंडावरचे त्यांच्या घराण्याचे उपाध्याय उपेंद्र गुरुजी यांच्याकडे आली. यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वह्यांत लिहिलेल्या होत्या.

गुरुजींनी वह्यांची लाकडी पेटी पुढ्यात ओढली. निकितानं तिच्यावर तीनदा टकटक केलं आणि स्वतःच हसली.

“आजोबांची खोड हाय ही. खोकं दिसलं का वाजवायचे, मंग कान लावून बसायचे.”

गुरुजींनी १९४६ चं पान काढलं आणि मोठ्यानं वाचू लागले.

“सावळीराम, राहणार चांदवड. अकरा मजुरांचे पिंड. गोत्र ठाऊक नाही. मृत्यू पटकीने. ठिकाण, धावपट्टीच्या पूर्व टोकाच्या पडक्या देवळापासून दोनशे पावले. विमानाच्या सामानाच्या रिकाम्या खोक्यांत घालून पुरले. कोणी विचारल्यास आत विमाने आहेत असे सांगण्याचा हुकूम.”

गुरुजी थांबले. “पुढचं राहू द्या, ताई.”

“वाचा, गुरुजी.”

“बारावा पिंड घातला नाही. यजमान सांगतात, बाराव्या खोक्यातून टकटक ऐकू येत होती. साहेब म्हणाला, माती टाक. यजमानांनी टाकली.”

निकितानं पेटीपासून हात मागे घेतला. ती ज्यांचं नाव धुऊन काढायला धावत आली होती, त्यांनी जन्मभर थापाड्या म्हणवून घेतलं, पण हे कुणाला सांगितलं नाही. तिला त्यांचा संताप आला. कीवही आली.

तेवढ्यात फोन वाजला. विमानं शोधणाऱ्यांचाच होता. गप्प बसलं तर आजोबा नुसते थापाडे राहणार होते; सांगितलं तर जिवंत माणसावर माती टाकणारे. तिनं फोन घेतला, जागा सांगितली, पावलंसुद्धा सांगितली.

“विमानं मिळणार नाहीत,” ती म्हणाली. “पण खणा. बारा माणसं आहेत.”

गुरुजींनी वही पेटीत ठेवली आणि झाकणाला हात घातला.

“थांबा गुरुजी,” निकिता म्हणाली. “थोडा वेळ उघडीच राहू द्या.”